बंदूक, सुरी आणि चित्रपट : काही गैरसमज

ज्याला बंदुकीच्या यंत्ररचनेविषयी मनापासून ओढ आहे, नळीतील पेचदार खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती कशी मिळते आणि त्या गतीमुळे तिचा मार्ग कसा स्थिर राहतो याचा विचार करण्यात ज्याला आनंद वाटतो, अशा माणसाला चित्रपटगृहात बसणे कित्येकदा क्लेशदायक होते. कारण शस्त्राविषयी दोन परस्परविरुद्ध असत्ये चित्रपट एकाच वेळी सांगत असतो. शस्त्र आहे त्याहून कितीतरी बलवान आहे, हे पहिले. आणि ते आहे त्याहून कितीतरी निरुपद्रवी आहे, हे दुसरे. पहिल्याने केवळ ज्ञानाची हानी होते, दुसऱ्याने मात्र माणसे दगावतात. म्हणून दोहोंचीही छाननी करणे मी माझे कर्तव्य समजतो.

सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज फुंकरीएवढाच होतो आणि शेजारच्या दालनातील माणसाची झोपही त्याने मोडत नाही, ही समजूत तर इतकी रूढ आहे की तिच्याविषयी शंका घेणाराच अज्ञ ठरावा. वस्तुतः मॅक्झिम मशीनगनच्या जनकाचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्झिम यांनी 1909 साली अमेरिकेत ज्या साधनाचे पेटंट घेतले, त्याचे कार्य एवढेच, की नळीच्या मुखातून उफाळणारे तप्त वायू कप्प्याकप्प्यांतून फिरवून थंड व मंद करावेत आणि मगच बाहेर सोडावेत. उघड्या बंदुकीचा बार साधारण 160 डेसिबलांच्या आसपास असतो. उत्तम सायलेन्सर त्यातून 25 ते 30 डेसिबल कमी करतो, आणि उरतो तो आवाजही भिंतीपलीकडच्या माणसाला दचकवून जागे करण्यास पुरेसा असतो. शिवाय सेकंदाला सुमारे 340 मीटर या ध्वनिवेगाहून गोळी जलद असेल, तर हवा चिरताना तिचा जो स्वतंत्र कडाका होतो, त्यावर नळीच्या टोकाशी बसवलेल्या कोणत्याही साधनाचा इलाज चालत नाही. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणारा खलनायक तर दुहेरी अज्ञान प्रकट करतो. कारण फिरते चक्र आणि नळी यांच्यामधील फटीतून वायू व आवाज दोन्ही बाहेर पडतात. रशियातील 1895 च्या नागांत रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढवताना चक्र पुढे सरकून ही फट बंद होत असे. पण तो अपवादच.

गोळी लागताच माणूस काचेच्या खिडकीतून मागे फेकला जातो, हेही असेच एक असत्य आहे, आणि त्याचे खंडन न्यूटनच्या तिसऱ्या नियमानेच होते. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने सत्तर किलोच्या माणसात रुतून राहिली, तर त्या देहाला मिळणारा वेग सेकंदाला अवघा चार सेंटिमीटर भरतो. आणि जी गोळी लक्ष्याला दहा फूट उडवू शकेल, तिने झाडणाऱ्यालाही तितकेच मागे लोटले पाहिजे. माणूस कोसळतो तो आघाताने फेकला जाऊन नव्हे, तर मज्जासंस्था वा रक्ताभिसरण निकामी झाल्यामुळे. आणि पुष्कळदा तो तत्क्षणी कोसळतही नाही. पेट्रोलच्या टाकीला गोळी लागताच होणारा स्फोट याच वर्गातला. साध्या गोळीने टाकीला भोक पडते, आग लागत नाही. तसेच, प्रत्येक धमकीसरशी पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणारा नायक खऱ्या पिस्तुलातून प्रत्येक वेळी एक न झाडलेले काडतूस जमिनीवर सांडत राहिला असता.

काडतुसे कधी संपतच नाहीत हा आरोप चित्रपटांवर सर्वजण करतात, पण येथे एका हिंदी चित्रपटाला न्याय दिला पाहिजे. ‘शोले’तील गब्बरसिंग सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमधून तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो, तीन साथीदारांवर क्रमाने चाप ओढतो आणि तिन्ही घरे रिकामी निघतात, मग उरलेल्या तीन गोळ्यांनी तो त्याच तिघांना ठार करतो. झाडलेली तीन घरे सलग असल्यामुळे हा क्रम यंत्रदृष्ट्या पूर्णपणे संभवनीय आहे. सहांपैकी एका स्थितीत चक्र थांबले तर नेमके असेच घडेल. हिशोब चोख ठेवल्याने त्या प्रसंगाची भीषणता उणावली नाही, उलट वाढली, हे आमच्या दिग्दर्शकांनी लक्षात घ्यावे.

नेमबाजीविषयी तर चित्रपटाने मोठाच अन्याय केला आहे. धावत्या घोड्यावरून एका हाताने अचूक वेध घेणाऱ्या नायकाने प्रेक्षकाला असे शिकवले की नेम ही दैवी देणगी आहे. आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या किंवा राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते कशाच्या बळावर, हा प्रश्नच त्याला पडत नाही. त्यांच्या पन्नास मीटरांवरील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम अर्ध्या रुंदीचे असते. आणि गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून त्याचा वेध घ्यायचा, तर श्वासावर, चापावरील बोटाच्या दाबावर आणि स्वतःच्या मनावर वर्षानुवर्षे हुकमत मिळवावी लागते.

सुरीकडे वळू. फेकलेली सुरी हवेत फिरत जाते, आणि अंतर व फेरे यांचा मेळ पूर्वाभ्यासाने जमला नसेल, तर लक्ष्यावर पात्याऐवजी मूठच आदळते. मात्र पिस्तूलधाऱ्यापुढे सुरीवाला क्षुद्र होय, हा समज याहून घातक आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 साली दाखवून दिले की, 21 फुटांवरून धावत येणारा हल्लेखोर सुमारे दीड सेकंदात अंगाशी भिडतो, आणि प्रशिक्षित शिपायाला म्यानातून पिस्तूल काढून गोळी झाडण्यास तेवढाच अवधी लागतो. सुरीबाबत आपल्याकडील कायद्याविषयीचा घोटाळाही थोडक्यात सांगतो. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. पण घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामाच्या सुऱ्या त्यातून वगळलेल्या आहेत, सबब स्वयंपाकघरातील सुरीसाठी परवान्याची धास्ती नको. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 अन्वये मनाई हुकूम जारी असेल, तर सुरी घेऊन रस्त्यावर हिंडणे हा गुन्हा ठरतो.

आता दुसऱ्या, प्राणघातक असत्याकडे येतो. खांद्याला गोळी लागलेला नायक रुमाल बांधून पुढच्या दृश्यात लढतो. पण खांद्यातून हाताकडे मुख्य रोहिणी व मज्जातंतूंचे जाळे जाते, आणि मांडीतील मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. ‘पायावर गोळी घालून अडवावे’ हा सल्ला म्हणूनच सौम्य नव्हे. गोळीविरहित काडतूस निरुपद्रवी, ही समजूतही अशीच. अमेरिकी नट जॉन-एरिक हेक्सम यांनी 1984 मध्ये असे काडतूस असलेले रिव्हॉल्व्हर थट्टेने कानशिलाशी लावून चाप ओढला, आणि केवळ त्या बाराच्या आघाताने कवटीला झालेल्या इजेमुळे त्यांचा अंत झाला. ‘द क्रो’च्या चित्रीकरणात 1993 साली ब्रँडन ली यांचा बळी गेला, तो देखाव्याच्या काडतुसातील गोळी नळीत अडकून राहिली व नंतरच्या पोकळ बाराने ती बाहेर ढकलली म्हणून. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानून वागणे, ही नेमबाजीच्या मैदानावरची पहिली शिकवण दोन्ही ठिकाणी पाळली गेली नाही.

आणि आकाशात झाडलेली गोळी विरून जात नाही. अमेरिकी सैन्याधिकारी ज्युलियन हॅचर यांच्या नोंदीनुसार सरळ वर झाडलेली रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 300 फूट वेगाने परत येते, आणि तो वेग कवटी फोडण्यास पुरतो. तिरकी झाडलेली तर याहून भयंकर. सन 2019 च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात अशा आनंदोत्सवी गोळीबाराची स्वतंत्र तरतूद झाली असून, त्यामुळे इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आल्यास, परवाना असला तरीही, दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वरातीत कोणी बार काढू लागला, तर त्याचे कौतुक करू नका, मुलांना घेऊन छताखाली जा आणि 112 क्रमांकावर पोलिसांना कळवा.