चिंध्यांतून उतरलेला कागद

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कागद ठाऊक असतो तो दुकानातला: किती जीएसएमचा, कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याला. तो हातानं घडताना पाहायचा, तर पुण्यात शिवाजीनगरला शेतकी कॉलेजजवळ असलेली हातकागद संस्था गाठावी. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून के. बी. जोशी यांनी ती उभी केली. १ ऑगस्ट १९४० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्‌घाटन झालं. महाराष्ट्राला हातकागद तेव्हा नवा नव्हताच. जुन्नरचे आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले होते. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे त्यांचा धंदा बसला.

या कागदासाठी झाड तोडावं लागत नाही. कच्चा माल म्हणजे कपड्यांच्या कारखान्यांत उरलेल्या सुती कापडाच्या कतरणी. त्यांतून कृत्रिम धागा नीट निवडून काढावाच लागतो, कारण तो पाण्यात फुगत नाही, लगद्यात मिसळत नाही. बारीक केलेल्या चिंध्या मग बीटरच्या हौदात फिरतात. पात्यांच्या रुळाखाली तंतू तासन्‌तास रगडले जातात, त्यांची टोकं पिंजतात. कुटाई कमी झाली तर कागद भुसभुशीत होतो, जास्त झाली तर कडक आणि कुरकुरीत. कागदाचा स्वभाव ठरतो तो इथंच, आणि पोरं नेमकी इथंच कंटाळून पुढं सरकतात!

गर्दी होते ती लगद्याच्या हौदापाशी. कारागीर चौकट बसवलेली जाळी बुडवतो, आडवी वर घेतो आणि पाणी निथळण्याआधी पुढं-मागं, डावीकडं-उजवीकडं हलकेच हलवतो. खेळ दोन-चार सेकंदांचाच, पण तंतू चहूबाजूंनी गुंततात ते त्यातच. यंत्रावर लगदा एकाच दिशेनं धावतो, म्हणून तो कागद एका बाजूनं सरळ फाटतो. हातकागद कसाही फाडा, वेडावाकडाच फाटणार. नवशिक्यानं जाळी उचलली की एका कोपऱ्यात लगद्याचा ढीग आणि मध्ये भोक, हे ठरलेलं.

पुढं ताव कापडावर उलटायचे, थप्पी दाबयंत्राखाली ठेवायची, मग वाळवायचे. चित्रकारासाठी कळीची गोष्ट म्हणजे खळ. बिनखळीचा ताव जलरंग टीपकागदासारखा पिऊन टाकतो, शाईची रेघ फुटते. रुळांत दाबलेला गुळगुळीत ताव लेखणीला बरा; खरबरीत ताव ओल्या रंगाला.

विक्रीच्या दालनात डायऱ्या, पिशव्या, पाकिटं मांडलेली दिसतात. त्यांवर संस्थेचं पोट चालत असेल, तर तक्रार नाही. पण चित्रकारानं आधी साधे ताव बघावेत.

कलाशिक्षकांना एक विनंती: जलरंगाचा पहिला धडा देण्याआधी वर्ग इथं आणा. मुलांनी सोबत एक कुंचला ठेवावा, ताव उजेडासमोर धरून पाहावा, कोपरा भिजवून बघावा आणि मगच पैसे मोजावेत.