भोक? कुठलं भोक?

बाळ सव्विसाव्या आठवड्यात झालं, काचेत ठेवलं, चौथ्या दिवशी टूडी इको झाला आणि संध्याकाळपर्यंत नात्यागोत्यात बातमी : ‘हृदयाला भोक आहे.’ पुढचं वाक्यही ठरलेलं : ‘आता छाती फाडणार.’

रिपोर्टवर लिहिलेलं असतं ‘पीडीए’. ही हृदयाबाहेरची आखूड रक्तवाहिनी, महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी. तुमच्या-माझ्याही अंगात ती होती. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून रक्त त्यांना वगळून हिच्यातून पुढे जातं. पुऱ्या दिवसांचं मूल जन्मलं की तिला उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन घटतं, प्राणवायू वाढतो आणि दोन-तीन दिवसांत ती आवळून मिटते. फार लवकर आलेल्या बाळात ती कच्चीच असते. उघडी राहते आणि जास्तीचं रक्त फुप्फुसांत शिरतं. आईने काय खाल्लं याचा इथे काही संबंध नाही, हे जाता जाता.

औषधाने भागलं नाही तर पूर्वी बरगड्यांमधून जाऊन ती बांधत. स्वरयंत्राची नस तिथूनच वळते, त्यामुळे आवाजाला धोका. आता जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयातून पार नेतात आणि वाहिनीत तारेच्या जाळीची, वाटाण्याएवढी गुंडी सोडतात. छातीवर चीर नाही. ‘एवढ्याशा जिवात नळी?’ हो. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2019मध्ये ‘पिकोलो’ या गुंडीला मान्यता दिली ती 700 ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी. तिकडच्या चाचणीत 200पैकी 191 मुलांत ती बसली. दोन किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या 100पैकी 99 बाळांत.

मग दिसली की बुजवा? तेही नाही. नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमध्ये 28 आठवड्यांआधीच्या 273 बाळांवर झालेल्या चाचणीत नुसती वाट पाहणं हे ती मिटवायला लगेच आयबुप्रोफेन देण्यापेक्षा कमी पडलं नाही.

गुंडी मोठेपणी बदलावी लागते? नाही, तिच्यावर ऊतींचा थर चढतो. एमआरआय कायमचा बंद? नाही, ठरावीक अटींवर होतो. अगदी बिनधोक? तसंही नाही : ती सरकू शकते, शेजारच्या धमनीची वाट अडवू शकते.

आणि काही जन्मजात हृदयविकारांत हीच वाहिनी मिटू नये म्हणून बाळाला प्रोस्टाग्लँडिन चालू ठेवतात. ‘भोक’ उघडं ठेवायला औषध! नातेवाइकांना हे समजावायला मात्र अजून काही निघालेलं नाही.