डोंगरातला ग्रीस (९) : पूल दोघांनी पाडला

एलास आणि एडेस या जर्मन-इटालियनांनी व्यापलेल्या ग्रीसमधल्या प्रतिकारगटांमधला प्लाकाचा करार आज सांगतो म्हणालो होतो, पण तो पुढच्या शुक्रवारी. मागचा लेख वाचून एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं : "एलास आणि एडेस एकमेकांच्या इतके जिवावर उठले होते, तर ते शत्रूशी एकत्र कधी लढलेच नाहीत का?" लढले की! २५ नोव्हेंबर १९४२ ची रात्र सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

लामियाजवळ गोर्गोपोटामोस नदीवर रेल्वेचा उंच पूल आहे. सालोनिकाहून अथेन्सला जाणारी एकेरी लाइन तेव्हा त्याच्यावरून जायची. जर्मनांची रसद याच लाइनीने पिरेयस बंदराकडे आणि तिथून आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलकडे जायची. पूल उडवायला ब्रिटिशांनी कर्नल एडी मायर्सची बारा जणांची तुकडी हवाई छत्र्यांनी उतरवली. त्यांच्याकडे सुरुंगाची विद्या होती, पण पहाऱ्यावरच्या इटालियनांशी झुंजायला माणसं नव्हती. ती होती डोंगरात, दोघांकडे : एलासचा कम्युनिस्ट आरिस वेलुखिओटिस आणि एडेसचा जुना लष्करी अधिकारी नेपोलियन झर्वास. दोघेही आले. मिळून दीडशेच्या आसपास माणसं जमली, त्यांत एलासची जास्त.

रात्री अकराच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. उत्तरेच्या टोकाला हल्ला अडला, राखीव माणसं घालावी लागली. दक्षिणेचं टोक हाती आलं आणि खेचरांवरून आणलेली स्फोटकं घेऊन सुरुंगवाले खाली खांबांपाशी उतरले. तिथे पाहतात तो लोखंडाचा आकारच वेगळा! आधी बेतून आणलेले गोळे त्या खांबांवर बसेनात. वर गोळ्या सुटताहेत आणि खाली हे लोक अंधारात स्फोटकं सोडवून, कणकेसारखी पुन्हा मळून खांबांना लिंपताहेत. या लढाईतलं मला सगळ्यात थोर वाटतं ते हेच काम. मध्यरात्र उलटल्यावर पुलाचे गाळे दरीत कोसळले.

आफ्रिकेतली एल अलामेनची लढाई तोवर संपली होती, पण लाइन कित्येक आठवडे बंद राहिली आणि व्यापलेल्या ग्रीसला कळलं, की हे होऊ शकतं.

मग श्रेयाचा प्रश्न आला. बीबीसीवरून झर्वासचं कौतुक झालं, आरिसचं नाव घेतलं गेलं नाही. दोन्ही गटांत संशय आधीपासून होता, हे खरं. तरीही ज्यांची माणसं जास्त होती त्यांनाच वगळणं ही मोठी चूक होती, असं माझं ठाम मत आहे. वर्षभराच्या आत, ऑक्टोबर १९४३ मध्ये, एलासने एडेसवर हत्यार उचललं.

सुभेदारसाहेब, तुमच्यासाठी आणखी एक. त्या बारा जणांत इंदर गिल नावाचा तरुण अधिकारी होता : वडील पंजाबी, आई स्कॉटिश. तोच पुढे आपल्या लष्करात लेफ्टनंट जनरल झाला. १९७१ च्या युद्धात दिल्लीत लष्करी मोहिमांचे संचालक होते ते हेच गिल.

पुढे ग्रीसमध्ये झालेल्या यादवी युद्धानंतर एलासच्या माणसांना देशभक्त म्हणायलाही ग्रीक सरकार तयार नव्हतं. १९६४ च्या नोव्हेंबरात त्याच पुलाशी स्मरणसोहळा भरला, दोन्हीकडचे म्हातारे आले, गर्दी लोटली. गर्दीत सुरुंग फुटला आणि तेरा माणसं गेली. एलासला सरकारी मान्यता मिळायला १९८२ साल उजाडावं लागलं.

आता पुढच्या शुक्रवारी प्लाका. तिथेही पूल आहे, दगडी कमानीचा.