आधी विचारा, कोणता पायथन?

पायथन शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला सुरुवातीलाच एक गोंधळ येतो. टर्मिनलमध्ये पांडाज हे पॅकेज इन्स्टॉल केलेले असते, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ अशी ओळही उमटलेली असते आणि तरी व्हीएस कोडमध्ये प्रोग्राम चालवला की ‘मोड्यूल नॉट फाउंड एरर’ येते. विद्यार्थी तेच पॅकेज पुन्हा टाकतो, मग पायथन काढून नवा घेतो, शेवटी एडिटरही बदलतो. माझ्या मते इथे बहुतेक वेळा काहीच मोडलेले नसते. संगणकावर एकाहून अधिक पायथन असतात. पॅकेज त्यातल्या एकाकडे जाते आणि प्रोग्राम दुसराच चालवतो. अशा वेळी नवा पायथन टाकणे म्हणजे गर्दीत आणखी एकाची भर घालणे.

व्हीएस कोड हा मुळात फक्त एडिटर आहे, त्याच्यासोबत पायथन येत नाही. प्रोग्राम वाचून चालवणारा इंटरप्रिटर वेगळा असतो आणि तो अनेक वाटांनी संगणकात शिरतो: पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून, अॅनाकोंडातून, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून, लिनक्समध्ये तर बहुधा आधीपासूनच असतो. प्रत्येकाचे पॅकेज ठेवायचे फोल्डर निराळे. टर्मिनलमध्ये ‘पायथन’ टाइप केले की ‘पाथ’ या यादीत जो आधी सापडेल तो चालू होतो. एडिटर मात्र आपली निवड स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो. भरीला प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा, करता येते. ते करणारे ‘व्हेन्व्ह’ २०१२ साली पायथन ३.३ पासून भाषेसोबतच मिळू लागले.

संशय खरा की खोटा हे दोन ओळींत कळते. ‘सिस’ मोड्यूल इम्पोर्ट करून त्यातले ‘एक्झिक्युटेबल’ छापायचे, एकदा टर्मिनलमधून आणि एकदा एडिटरच्या रन बटणाने. दोन वेगळे पत्ते आले तर उत्तर मिळाले. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’मधून हवा तो निवडावा आणि टर्मिनल बंद करून नवे उघडावे, कारण आधीचे टर्मिनल जुन्याच निवडीवर चालत राहू शकते. पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या ‘पिप’ला नुसते न बोलावता ‘पायथन डॅश एम पिप’ असे बोलवावे, म्हणजे पॅकेज त्याच पायथनकडे जाते. रन बटणाचीही खात्री करावी. अनेकांनी ‘कोड रनर’ हे एक्स्टेन्शन घेतलेले असते. त्याची आज्ञा त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून येते, त्यामुळे वर केलेली निवड तिथे लागू होईलच असे नाही. इम्पोर्टच्या ओळीखालची नागमोडी रेघ हा आणखी वेगळा विषय: ती एडिटरची सूचना असते, तिच्यासह प्रोग्राम व्यवस्थित चालूही शकतो.

दोन्ही पत्ते एकच आले तर माझे निदान तिथे लागू नाही, हे मान्य करायला हवे. मग नावे तपासावीत. इम्पोर्ट ‘सीव्ही२’ करतात, पण इन्स्टॉल ‘ओपनसीव्ही-पायथन’ करावे लागते. आपल्याच फाइलला ‘रँडम’ नाव दिले असेल, तर पायथन मूळ मोड्यूलऐवजी ती उचलतो.

यावर कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, संगणकावर एकच पायथन ठेवावा. पण लिनक्समधली कित्येक साधने स्वतःच पायथनवर चालतात. त्याच पायथनमध्ये पॅकेजेस बदलली तर ती साधने कोलमडू शकतात. म्हणूनच २०२३ साली आलेल्या डेबियन १२ या लिनक्समध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला ‘पिप’ सरळ नकार देतो. शिवाय २०२४ साली नमपाय या पॅकेजची २.० आवृत्ती आली तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली काही पॅकेजेस त्यासोबत चालेनाशी झाली. जुने आणि नवे प्रोजेक्ट एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याला त्यातले एक गमवावे लागते. ब्राउझरमधल्या नोटबुकांची सोय पहिल्या धड्यांना पुरते, पण तेच नोटबुक आपल्या संगणकावर उघडले की ‘कर्नल’ निवडावा लागतो, आणि त्या नावामागेही इंटरप्रिटरचीच निवड असते. एआयला विचारले तरी आपल्या संगणकावरचे पत्ते दिल्याशिवाय त्याला अंदाजच बांधावा लागतो. सर्वांत गंभीर आक्षेप शिक्षकांचा: नवख्यावर हे ओझे लादू नये. मला तो पटत नाही. ओझे त्याच्यावर पडलेलेच असते, फक्त त्याला त्याचे कारण माहीत नसते. आणि ‘प्रोग्रामिंग आपल्याला जमणार नाही’ असे तो त्या पहिल्या संध्याकाळीच ठरवून टाकतो. पहिल्या तासिकेतली दहा मिनिटे पत्ता तपासणाऱ्या त्या दोन ओळींना द्यायलाच हवीत.

त्याच तासिकेत आणखी एक सांगावे. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट जपून ठेवायची वस्तू नाही. त्यात फोल्डरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, म्हणून प्रोजेक्टचे फोल्डर हलवले किंवा त्याचे नाव बदलले की एन्व्हायर्न्मेंट बिनसते. पॅकेजेसची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये लिहून ठेवली असेल, तर बिनसलेल्या एन्व्हायर्न्मेंटचे फोल्डर पुसून टाकावे, नवे करावे आणि यादीवरून सगळे पुन्हा भरून घ्यावे.