कालाबारच्या ‘मा’ : मेरी स्लेसर

जन्म : २ डिसेंबर १८४८, अॅबर्डीन, स्कॉटलंड. मृत्यू : १३ जानेवारी १९१५, नायजेरिया.

गिरणीतले बालपण : वडील दारूच्या आहारी गेलेले. अकराव्या वर्षापासून मेरी डंडीच्या तागाच्या गिरणीत अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा करू लागल्या. पुढे मागावर उभ्या असतानाही पुस्तक समोर उघडे असे.

आफ्रिकेत : १८७६ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या ख्रिस्ती मिशनरी म्हणून नायजेरियातील कालाबारला पोहोचल्या. तिथली एफिक भाषा आत्मसात केली. केस आखूड कापले, अनवाणी जंगल तुडवले आणि मातीच्या घरात राहून स्थानिक अन्न खाल्ले. हिवतापाने त्यांना आयुष्यभर छळले.

जुळ्यांची आई : जुळे होणे तिथे अपशकुन मानले जाई. अर्भकांना मडक्यात घालून रानात टाकत आणि आईला गावाबाहेर काढत. मेरींनी अशी कितीतरी मुले उचलून आणली, काहींना स्वतःच्या घरात वाढवले. त्यांतली जेनी ही त्यांची मानसकन्या.

न्यायासनावर : १८८८ मध्ये त्या एकट्या ओकोयोंग प्रदेशात गेल्या. १८९२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना तिथे व्हाइस-कॉन्सल नेमले. जमिनीचे, कर्जाचे, नवराबायकोचे तंटे त्यांच्यापुढे येत. विष पाजून दोषी ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध त्या ठामपणे उभ्या राहिल्या.

स्मरण : स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. परक्या लेकरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या गिरणी कामगार स्त्रीचा हा सन्मान रास्तच होता.