पासष्ट नळ्यांचा घुमट

शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की थर्माकोलचा ज्वालामुखी, रंगवलेल्या चेंडूंची सूर्यमाला आणि घोकून आणलेलं भाषण हे ठरलेलंच. त्यात मुलानं स्वतःच्या हातानं केलेलं असतं ते रंगकाम, आणि तेही बऱ्याचदा घरच्या मोठ्यांनी. सजावटीला ‘कृती’ म्हणायची ही सवय शिरूर तालुक्यात तर अधिकच खटकते. हातानं करत शिकण्याचा एक जुना प्रयोग याच तालुक्यात, कोरेगाव भीमापासून फार लांब नाही अशा पाबळला उभा आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी ही कामं करता करता विज्ञान शिकावं, असा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या आवाराबाहेर ‘फॅब लॅब’ काढायला घेतल्या, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगशाळांत, २००२मध्ये, पाबळचं नाव होतं. पण मला तिथली सगळ्यात शिकवणारी वस्तू वाटते ती आश्रमानं वापरात आणलेला त्रिकोणांचा घुमट, म्हणजेच ‘पाबळ डोम’.

हा घुमट वर्गात रद्दीतून करता येतो. वर्तमानपत्राचा पूर्ण ताव कोपऱ्यापासून तिरका, घट्ट गुंडाळला की कडक नळी होते. एक मीटर त्रिज्येच्या अर्ध्या गोलासाठी दोनच मापं लागतात: ६१.८ सेंटिमीटरच्या ३५ नळ्या आणि ५४.७ सेंटिमीटरच्या ३०. मापं छिद्रापासून छिद्रापर्यंतची. नळीच्या टोकापासून मोजणाऱ्यांचा घुमट शेवटच्या ओळीत जुळत नाही. सांधे एकूण २६. जिथे पाच नळ्या येतात तिथे पाचही आखूड. असे सांधे सहा, म्हणून आखूड नळ्या तीस. तळाच्या दहा सांध्यांवर चार-चार नळ्या, मधल्या दहांवर सहा-सहा. सगळी बेरीज १३०. प्रत्येक नळीला टोकं दोन, म्हणून नळ्या ६५. सहावीतलं पोर हा हिशेब फळ्याशिवाय करतं, कारण चुकला तर घुमट तिथल्या तिथे सांगतो.

आधी मात्र त्रिकोण हातात यावा लागतो. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून ती सोय केव्हाच करून ठेवली आहे. काड्यांचा चौकोन बोटानं ढकलला की लवंडतो, त्रिकोण हलत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं मुलांसाठी विज्ञानाचं दार उघडलं, पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या देणगीतून तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि गुप्तांनी दशकभराहून अधिक काळ तिथे कचऱ्यातून खेळणी केली. काडी फुकट, नळीचा तुकडा फुकट. संच विकणाऱ्यांना हे फारसं सोयीचं नाही.

आता दोरा घ्या. पुठ्ठ्यावर काटकोन आखा, दोन्ही बाजूंवर समान अंतरावर एक ते दहा खुणा करा. एका बाजूचे आकडे कोपऱ्यापासून बाहेर, दुसरीचे बाहेरून कोपऱ्याकडे. मग एकला एक, दोनला दोन असे दोरे ताणा. सगळे दोरे सरळ, आणि तरी त्यांच्या कडेनं एक सुंदर वक्र उमटतो. तो अन्वस्त. चित्रकलेच्या तासाला मुलं हे हौसेनं करतात, पण पुढची गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला आणि त्याच्या आसपासच्या परिसरात, याच आकाराच्या ३० प्रचंड तबकड्या आहेत. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या रचनेत तिच्यावर पत्रा नाही: सोळा अन्वस्ताकार चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा आणि त्यांवर बारीक स्टीलची जाळी. चौकटींमधली जाळी सपाट तुकड्यांचीच. वक्र दिसतो तो तुकडे लहान असल्यामुळे. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची, तर पकडायच्या रेडिओ लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब. लहर अडते, वारा निसटतो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. दरवर्षी २८ फेब्रुवारीला तिथे विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं. तिथे नेलेलं मूल आधी दोरे ताणून गेलं असेल, तर तबकडीकडे नुसतं ‘केवढी मोठी!’ म्हणून बघणार नाही.

कोरेगाव भीमाचं स्वतःचं मोजमाप तर समोरच उभं आहे. नदीपलीकडे पेरणे गावाच्या हद्दीतला, लढाईच्या स्मरणाचा विजयस्तंभ. १ जानेवारीला तिथे लाखोंचा समुदाय अभिवादनाला येतो, तो दिवस मोजमापाचा नव्हे. पण त्यानंतरच्या आठवड्यातही भर दुपारी सावली उंचीच्या सुमारे नऊ-दशांश असते. मीटरभर काठी उभी करा, दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजा, त्रैराशिकानं स्तंभाची उंची काढा. इथे गंमत अशी की स्तंभाची सावली त्याच्या कडेपासून मोजून चालत नाही, ती मधोमधपासून धरावी लागते, आणि चौथऱ्यावरून सावली खाली उतरत असेल तर दोन पातळ्यांचा हिशेब वेगळा. पुस्तकातल्या झाडाला हा त्रास नसतो.

अक्षांश १८ अंश ३९ मिनिटांच्या आसपास असल्यामुळे कोरेगावात १४ मे आणि २९ जुलैच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. घड्याळात तेव्हा बारा नसतात. आपली वेळ पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखावृत्ताची, गाव ७४ अंशांवर. म्हणून मेमध्ये साडेबारा, जुलैत बारा चाळीस. जुलैत ढग, मेमध्ये सुट्टी. तेव्हा मुलांना सुट्टीतच अंगणात बोलवावं, गवंड्याचा ओळंबा मागून आणून खांब सरळ आहे की नाही ते बघावं आणि बारा वीसपासून दर दोन मिनिटांनी खडूनं खूण करत जावी. खूण करणारा आणि घड्याळ बघणारा वेगवेगळे असलेले बरे.