समजून घ्या : आजोबांच्या विलायती दुनळीत आजचं काडतूस का घालू नये?

चिखली, मोशी, तळवडे ही गावं 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. शेतांच्या जागी सोसायट्या आणि वर्कशॉप उभी राहिली. तरीही एखाद्या जुन्या घरात आजोबांच्या परवान्यावरची बारा बोअरची विलायती दुनळी असू शकते. परवाना पुढच्या पिढीच्या नावावर झाला की प्रश्न येतो, काडतूस कोणतं घ्यायचं? दुकानात ‘बारा बोअर द्या’ एवढंच सांगणं इथे धोक्याचं ठरू शकतं.

बोअर तोच, मग अडचण काय?

बोअर म्हणजे नळीची जाडी. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. काडतुसाची लांबी मात्र या आकड्यातून कळत नाही.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो भाग म्हणजे चेंबर. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बहुतेक ब्रिटिश शिकारी बंदुकांचं चेंबर अडीच इंची आहे. काडतुसाच्या भाषेत ते 65 मिमी. आज सर्रास मिळणारं काडतूस पावणेतीन इंची, म्हणजे 70 मिमी असतं. फरक जेमतेम 5 मिमीचा, पण सगळा घोळ तिथेच आहे.

बसतं म्हणजे चालतं का?

नाही. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यावरची असते. उडण्याआधी तोंड आत दुमडलेलं असल्यामुळे 70 मिमीचं काडतूस प्रत्यक्षात 60 मिमीच्या आसपास भरतं. ते जुन्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि बंदूकही नीट बंद होते. त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं.

चाप ओढल्यावर दुमडलेलं तोंड उघडतं. चेंबरच्या पुढे नळी निमुळती होत जाते. लांब काडतुसाचं तोंड त्या निमुळत्या भागात घुसतं आणि छर्‍यांची वाट अरुंद करतं. मागे दारू जळतच असते, त्यामुळे दाब वाढतो. तो किती वाढेल हे काडतुसागणिक बदलतं.

‘आम्ही अनेकदा उडवली, काही झालं नाही’

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. नळी पहिल्याच बाराला फुटेल असं नाही. पण जादा दाबाचा मार साठत जातो. बिजागरी सैल होते, नळ्या आणि मागच्या पोलादी भागात फट पडते, लाकडी दस्त्याला चीर जाते. उडालेल्या काडतुसाचं तोंड फाटलेलं किंवा चुरगळलेलं दिसलं, तर तो इशारा समजावा आणि बार थांबवावेत.

चेंबरची लांबी कशी ओळखायची?

ब्रिटनमध्ये बंदूक विकण्याआधी तिची ‘प्रूफ’ चाचणी होते. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासतात आणि खालच्या सपाट बाजूला ठसे मारतात. बंदूक उघडून नळ्या सुट्या केल्या की ते दिसतात.

1925 नंतरच्या ठशांमध्ये साधारणपणे चेंबरची लांबीही सापडते. 1954 नंतरच्या ठशांत दाब टनांत असतो. अडीच इंची चेंबरला सहसा 3 टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन टन. आजच्या परदेशी खोक्यांवरचा ‘बार’मधला आकडा या टनांवरून थेट गुणाकाराने काढू नये, कारण दाब मोजण्याची पद्धतच वेगळी आहे.

ठसा असला तरी चेंबर गेजने मोजून घेणं उत्तम. इतक्या वर्षांत कुणी ते खोदून वाढवलेलं असू शकतं. तसं केल्याने नळीची भिंत पातळ होते आणि जुन्या चाचणीचा भरवसा राहत नाही. म्हणून ‘चेंबर वाढवून घेऊ’ हा सोपा उपाय नव्हे.

लांबी जुळली की झालं?

तेवढ्यावर थांबू नये. आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

- दारू : काही जुन्या बंदुका फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. त्यांवर ‘नायट्रो प्रूफ’चा ठसा नसतो. त्यात आजचं कोणतंही साधं काडतूस घालू नये.
- भार : या बंदुका हलक्या असतात. 28 ते 30 ग्रॅम छर्‍यांचं काडतूस त्यांना मानवतं. ‘मॅग्नम’ टाळावं.
- छर्रे : शिशाचेच घ्यावेत. पोलादी छर्रे जुन्या मऊ नळीला इजा करतात.
- भेसळ : 20 बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. त्यामागे 12 बोअरचं भरून बार काढला तर नळी फुटते. म्हणूनच 20 बोअरची काडतुसं पिवळी ठेवण्याचा प्रघात आहे.

खोक्यावर काय वाचायचं?

भारतात बारा बोअरची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. 1869 मध्ये सुरू झालेला हा कारखाना चिखलीपासून फार लांब नाही. काडतुसाच्या बुडावरचं ‘केएफ’ म्हणजे किरकी फॅक्टरी. पण नाव ओळखीचं आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नये. खोक्यावर लांबी वाचावी. 65 मिमीच्या चेंबरसाठी 65 मिमीचंच काडतूस घ्यावं. ब्रिटनमध्ये साडेसदुसष्ट मिमीची काही काडतुसंही अडीच इंची चेंबरसाठी बनतात, पण खोक्यावर तसं स्पष्ट छापलेलं असेल तरच ती चालतात.

आणि कायदा?

परवानाधारकाचं निधन झालं, तर बंदूक कपाटात ठेवून देता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 नुसार ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. चिखलीकरांसाठी हा अर्ज 2018 मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे जातो. काडतुसंही परवान्यावरच आणि त्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात.

परवाना हातात आल्यावर आधी परवानाधारक बंदूक कारागिराकडून चेंबर, नळीची भिंत आणि बिजागरी तपासून घ्यावी. ठसे वाचता येत नसतील किंवा चेंबरचं माप माहीत नसेल, तर त्या बंदुकीत कोणतंच काडतूस भरू नये.